कठीण बर्फ आणि भुरभुरीत हिम

वैनगंगेच्या कांठीं किंवा माणिकगडाच्या डोंगरांत हिम कधीं पडत नाहीं. चंद्रपूर जिल्हा आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा हे साग, बांबू, मोह आणि धान यांचे प्रदेश होत. उन्हाळ्यांत चंद्रपूरचा पारा कित्येकदां ४७ अंशांच्या घरांत जातो. अशा मुलखांतील मनुष्यास हिमावर चालावें कसें, त्यावरून घसरत जावें कसें, या प्रश्नाशीं काय कर्तव्य, असें कोणासही वाटेल. परंतु मे २०१८ मध्यें या मुलखाचा आणि हिमाचा संबंध अगदीं प्रत्यक्ष जुळून आला. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूरचें जिल्हा प्रशासन यांनीं 'मिशन शौर्य' या नांवानें एक मोहीम आंखली होती. बोर्डा, देवाडा व जिवती येथील आश्रमशाळांतील मुलांमधून तीसाठीं निवड झाली. आणि त्यांपैकीं मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे व विकास सोयाम हे पांच विद्यार्थी ८,८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्ट शिखरावर जाऊन पोहोंचले.

या यशाची वाहवा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. परंतु वाहवेच्या गलबल्यांत एक गोष्ट मागें पडली. या मुलांचें शिक्षण एकाच प्रकारच्या भूमीवर झालें नव्हतें. तेलंगणांतील भोनगीर येथील उघड्या खडकावर चढणें त्यांस प्रथम शिकावें लागलें. त्यानंतर दार्जिलिंग आणि लडाख येथें थंडीशीं व बर्फाशीं ओळख करून घ्यावी लागली. भूमि बदलली कीं पायाची रीतही बदलावी लागते. खडकावरची रीत बर्फावर चालत नाहीं. आणि विशेष हें कीं, कठीण बर्फावरची रीत मऊ हिमावर चालत नाहीं. दोन्ही पांढरीं, दोन्ही थंड, दोन्ही पाण्याचींच रूपें. तथापि पायाखालीं तीं दोन निराळ्या जगांसारखीं वागतात. हा भेद कशामुळें पडतो आणि एका जगांत तरबेज झालेल्या मनुष्यानें दुसऱ्यांत शिरतांना काय बदलावें, हें समजून घेणें केवळ गिर्यारोहकांच्याच नव्हे, तर कोणाही विचारी मनुष्याच्या उपयोगाचें आहे.

प्रथम हिम म्हणजे काय तें पाहूं. आकाशांतून पडतांना हिम हें कणकण असतें. प्रत्येक कण षट्कोनी बांध्याचा, नाजूक नक्षीचा असतो, आणि कणाकणांमध्यें हवा कोंडलेली असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच अशी पेटी पाण्यानें भरली तर तें पाणी १,००० किलोग्रॅम भरतें. तीच पेटी नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमानें भरली तर वजन जेमतेम ५० ते १०० किलोग्रॅम होतें. म्हणजे त्या पेटींत नऊ-दशांशांहून अधिक हवाच असते! पुढें दिवस जातात. वरच्या थराचें ओझें खालच्या थरावर पडतें. नक्षीचे कंगोरे झिजतात. कण एकमेकांस चिकटतात. दुपारीं वितळून रात्रीं पुन्हां गोठतात. वाराही त्यांस कुटून दाबतो. असें होतां होतां त्याच पेटींतील वजन ३०० ते ४०० किलोग्रॅमपर्यंत चढतें. आणि वर्षानुवर्षें दाबून हिमनदीचा निळसर बर्फ झाला म्हणजे तें ९०० किलोग्रॅमच्या आसपास जातें. पिठाची परात आणि भाजलेली वीट यांत जो फरक, तोच येथें. जेथें हिवाळी खेळांसाठीं उतार तयार करतात, तेथें यंत्रें फिरवून हिम मुद्दाम दाबून घट्ट करतात. त्यावरही हीच क्रिया झालेली असते, फक्त ती वाऱ्यानें आणि काळानें न होतां यंत्रानें होते.

आतां मनुष्याच्या वजनाचा हिशेब करूं. साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य चालतांना क्षणभर एका पायावर उभा असतो. बुटाचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार पडतो. घट्ट बर्फ हा भार सहज सोसतो. भुरभुरीत हिम तो सोसत नाहीं, आणि मनुष्य गुडघ्यापर्यंत, प्रसंगीं कमरेपर्यंत आंत जातो. त्याच मनुष्यानें पायांस दोन लांब पट्ट्या बांधल्या, प्रत्येकीची लांबी १७० सेंटिमीटर व सरासरी रुंदी ८ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही मिळून आधाराचें क्षेत्र २,७०० चौरस सेंटिमीटरांवर जातें आणि भार अवघा २२ ग्रॅम उरतो. वजन तेंच, परंतु दाब तेराव्या-चौदाव्या हिश्श्यावर आला. या पट्ट्यांसच 'स्की' म्हणतात. शर्यती आणि क्रीडा हे तिचे उत्तरकालीन उपयोग होत. मूळ उपयोग मऊ हिमांत न बुडतां पलीकडे जाणें हाच होता. स्वीडनमधील एका दलदलींत १९२४ सालीं सांपडलेली लांकडी स्की सुमारें ५,००० वर्षांपूर्वींची ठरली आहे. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नॅन्सेन यानें १८८८ मध्यें पांच सोबत्यांसह ग्रीनलंडचें हिममय पठार ओलांडलें, तेंही स्कीच्याच बळावर.

हा वजनाचा हिशेब झाडीपट्टींतील शेतकऱ्यास नवा नाहीं. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी या भागांत पावसाळ्यांत धानाच्या बांधींत चिखलणी होते आणि मग रोवणीसाठीं बाया-माणसें त्या चिखलांत उतरतात. सडकेवर ताठ टांच टेकून चालणारा मनुष्य बांधींत तसाच चालूं लागला तर पाऊल रुततें, आणि तें उपसून काढण्याच्या नादांत तोल जातो. रोवणी करणारी बाई पाय कसा टाकते तें पाहावें. ती टांचेवर आदळत नाहीं. पाऊल सपाट ठेवते, भार सावकाश देते, आणि मागचें पाऊल काढतांना प्रथम तें किंचित् हलवून मोकळें करून घेते. जनावरांतही हाच भेद दिसतो. म्हशीचा खूर दुभंगलेला असल्यामुळें चिखलांत तो फांकतो व आधार रुंदावतो. घोड्याचा अखंड खूर मुरमाड रस्त्यावर उत्तम, परंतु चिखलांत तो मेखेसारखा आंत शिरतो. म्हणूनच चिखलणीस रेडा जुंपतात, घोडा जुंपीत नाहींत. गडचिरोलींतील कमलापूरच्या हत्तींचें पाऊल पाहिलें तर तेंही भार पडतांच पसरतें आणि उचलतांच आंवळतें. एवढा अजस्र प्राणी ओल्या जमिनींतून निघून जातो तो यामुळेंच. सारांश, कठीण भूमीस तीक्ष्ण आणि एकवटलेला भार चालतो. मऊ भूमीस रुंद, समान आणि सबुरीनें दिलेला भार लागतो. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचा विस्तार आहे.

पायीं चढणाऱ्याची गोष्ट आधीं घेऊं. कठीण बर्फाच्या उतारावर गिर्यारोहक बुटाखालीं पोलादी दांत्यांचा सांगाडा बांधतो. त्यास क्रॅम्पॉन म्हणतात. तेथें नियम असा कीं, उतार बेताचा असेल तर पाऊल सपाट टाकावें, म्हणजे सर्व दांते एकदम रुततात. उतार उभा झाला तर पुढचे दांते जोरानें मारून चवड्यावर चढावें. हातांतील बर्फकुऱ्हाडीचें टोंक बर्फांत रोवलें कीं तें पकडून राहतें. येथें सर्व भरंवसा तीक्ष्णपणावर. मनुष्य एका टोंकावर, एका कडेवर उभा राहूं शकतो, कारण खालची भूमि त्यास प्रत्युत्तर देते.

मऊ हिमांत हेंच दांते निरुपयोगी, किंबहुना घातक होतात. ओलसर हिम दांत्यांच्या मधल्या फटींत चिकटून त्याचा गोळा बनतो, आणि दांत्यांऐवजीं त्या गुळगुळीत गोळ्यावर मनुष्य उभा राहतो. म्हणून मधून मधून कुऱ्हाडीच्या दांड्यानें बूट ठोकून तो गोळा झाडावा लागतो. पाऊल टाकण्याची रीतही बदलते. बुटाचें टोंक हिमांत मारून प्रथम एक पायरी करावयाची, ती दाबावयाची, क्षणभर थांबावयाचें, आणि मगच तिच्यावर सगळा भार द्यावयाचा. हें थांबणें आळसाचें नव्हे. दाबलेले हिमकण अल्पावकाशांतच एकमेकांस धरूं लागतात आणि पायरीस बळ येतें. घाई केली तर तीच पायरी ढांसळते. पुढचा मनुष्य वाट पाडतो आणि मागचे त्याच्या पावलांत पाऊल टाकतात. वाट पाडण्याचें काम फार थकविणारें असल्यामुळें तें पाळीपाळीनें करतात. अरण्यांत दाट गवतांतून वाट काढतांना पुढच्यास जो शीण होतो, तोच येथें विरळ हवेंत कित्येक पटींनीं होतो.

आतां स्कीकडे वळूं. कारण कठीण व मऊ हा भेद स्कीवर जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाहीं. दाबून घट्ट केलेल्या उतारावर स्की करणारा आपल्या पट्टीच्या पोलादी कडेवर अवलंबून असतो. वळण घेतांना तो पट्टी कलती करतो. तिची कड बर्फांत रुतते आणि पट्टीच्या बांकाप्रमाणें मनुष्य वळतो. अशा वेळीं वजनाचा फार मोठा भाग वळणाच्या बाहेरच्या पायावर असतो. आंतला पाय जवळजवळ रिकामा राहतो. पायांत अंतर बऱ्यापैकीं असतें. वेग फार झाला तर दोन्ही पट्ट्या झटकन् आडव्या करून, बर्फ खरवडून थांबतां येतें. जो ही विद्या शिकला, त्यास वाटतें कीं आतां कोणताही उतार आपला.

असा मनुष्य ढोपरभर नव्या हिमांत शिरतो आणि पहिल्याच वळणावर पडतो. तो कां पडतो? त्यास बळ कमी म्हणून नव्हे, तर पूर्वीच्या संवयी पक्क्या म्हणून. बाहेरच्या पायावर वजन देण्याची संवय त्यास जडलेली असते. घट्ट बर्फावर तो पाय टिकला असता. येथें तो खोल जातो, रिकामा पाय वर तरंगतो, आणि दोन पाय दोन दिशांस जातात. कड रुतविण्यास तो पट्टी कलती करतो. परंतु रुतावयास खालीं कांहीं कठीण नसतेंच. भिऊन तो पट्ट्या एकदम आडव्या करतो. तेव्हां हिमाचा लोट त्यांस अडवितो, पाय जागच्या जागीं थबकतात आणि धड पुढें फेंकलें जातें. जी युक्ति तेथें तारक होती, तीच येथें मारक होते.

मग करावें काय? पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही पायांवर वजन जवळजवळ समान ठेवावें आणि पाय नेहमींपेक्षां थोडे जवळ आणावे, जेणेंकरून दोन पट्ट्या मिळून एकच रुंद पाट व्हावा. दुसरी गोष्ट म्हणजे वळण झटक्यानें ओढूं नये. मऊ हिम हें बाजूच्या धक्क्यास मोठा विरोध करतें. म्हणून दोन्ही पट्ट्या बरोबर कलत्या करून, दाब हळूहळू वाढवून, वळण पुरें होईपर्यंत वाट पाहावी. तिसरी गोष्ट म्हणजे लय. गुडघे व घोटे वांकवून खालीं दाब दिला कीं पट्ट्या बुडतात आणि त्यांखालील हिम दाबलें जाऊन तेथें तात्पुरता पाया तयार होतो. मग पाय किंचित् सैल सोडले कीं तोच पाया पट्ट्यांस वर उचलून देतो. वर आल्या असतां, त्या हलक्या क्षणीं, दिशा बदलावयाची आणि पुन्हां दाब द्यावयाचा. झोपाळ्यावर बसलेलें मूल झोंका परत येण्याची वाट पाहून मगच पाय ताणतें. भलत्याच क्षणीं ताणलें तर झोंका मरतो. येथेंही तेंच. म्हणून जाणते लोक या उतरणीस जोरापेक्षां तालाची कला मानतात.

चौथी गोष्ट वेगाची, आणि नवशिक्यास ती सर्वांत अवघड जाते. कठीण उतारावर भीति वाटली कीं वेग कमी करावा हें शहाणपण. मऊ हिमांत वेग फार कमी केला तर पट्ट्या बुडतात, आणि बुडालेली पट्टी वळत नाहीं. चापट दगड तळ्यावर जोरानें भिरकावला तर तो टप्पे घेत जातो; तोच अलगद सोडला तर तळ गांठतो. याचा अर्थ बेफाम सुटावें असा नव्हे. प्रारंभीं उताराच्या दिशेनें थोडें सरळ जाऊन पट्ट्या तरंगूं द्याव्या, आणि मग गोल, पूर्ण वळणें घेऊन वेग आटोक्यांत ठेवावा. हिम स्वतःच वेगास लगाम घालीत असतें. त्याचा तो गुण ओळखून त्याचा उपयोग करावा.

पांचवी गोष्ट एका जुन्या गैरसमजाची आहे. मऊ हिमांत पट्टीचें टोंक वर राहावें म्हणून मागें रेलावें, असा सल्ला पूर्वीं सर्रास देत असत आणि अजूनही कोठें कोठें ऐकूं येतो. मागें रेललें कीं मांड्या भरून येतात, पुढचें टोंक मोकळें पडतें आणि वळविण्याची सत्ता हातची जाते. उभें राहणें तळपायाच्या मध्यावर असावें. घोटे वांकलेले, हात डोळ्यांसमोर दिसतील असे पुढें. टोंक वर ठेवण्याचें काम पाठीच्या रेलण्यानें न होतां वेगानें आणि समान भारानें होतें.

साधनांतही हा भेद उमटलेला आहे. कठीण बर्फासाठीं पट्टीची कंबर, म्हणजे मधला भाग, अरुंद असतो. सुमारें ६५ ते ८० मिलिमीटर. त्यामुळें एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन् जातां येतें. मऊ हिमासाठीं ती १०० ते १२० मिलिमीटरांपर्यंत रुंद करतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियांत अशा रुंद पट्ट्या निघाल्या, तेव्हां जुन्या खेळाडूंनीं त्यांस हंसून घेतलें. पुढें त्यांच मान्य झाल्या. २००१ च्या सुमारास शेन मॅकाँकी नांवाच्या खेळाडूनें अलास्कांतील खोल हिमावर चक्क पाण्यावरच्या स्की वापरून पाहिल्या, आणि त्यापासून धडा घेऊन मध्यें रुंद व टोंकांस वर वळलेल्या पट्ट्या प्रचारांत आणल्या. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खोल हिम हें बर्फाचें भावंड कमी आणि पाण्याचें अधिक आहे. हातांतील काठ्यांच्या टोंकाशींही मऊ हिमासाठीं मोठी चकती लावतात, नाहींतर काठी मुठीपर्यंत आंत जाते. पडल्यावर उठतांना एक हात हिमांत रोवला तर तोही खांद्यापर्यंत बुडतो. म्हणून दोन्ही काठ्या फुलीसारख्या हिमावर ठेवून त्या फुलीवर हात टेकावा. पट्टी पायांतून सुटून हिमाखालीं गेली तर आपण जेथें थांबलों तेथें न शोधतां, जेथें पडलों त्याच्या वरच्या अंगास शोधावी. या सर्व युक्त्यांत तेंच सूत्र आहे: भार पसरावा.

आपल्या देशांत हें सर्व पाहावयाचें तर काश्मीरमधील गुलमर्ग हें प्रमुख ठिकाण होय. १९४८ सालीं भारतीय सैन्यानें तेथें स्की शिकविण्याची शाळा काढली. तीच पुढें उंच पर्वतांवरील युद्धाचें शिक्षण देणारी मोठी संस्था झाली. २००५ मध्यें अफरवात शिखराच्या बाजूनें दोरीवरील पाळण्यांचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि ३,९०० मीटरांहून अधिक उंचीवर मनुष्य कांहीं मिनिटांत जाऊं लागला. तेथील वरचे उतार यंत्रानें दाबलेले नसून निसर्गानें जसे दिले तसे असतात. ही सोय जितकी मोठी, तितकाच तींत धोका आहे. पूर्वीं त्या उंचीवर पोहोंचण्यासाठीं जे दिवस लागत, त्या दिवसांत मनुष्य हिमाचा स्वभाव पाहात जाई. आतां कठीण उतारावर दोन दिवस शिकलेला मनुष्य तिसऱ्या दिवशीं थेट खोल हिमाच्या माथ्यावर उतरतो.

आणि खोल हिमाचा खरा धोका पडण्यांत नसून, हिम निसटण्यांत आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर जुन्या थरावर नवा थर साचला आणि दोहोंच्या मध्यें कोठें पोकळ, दुबळा थर राहिला, तर एका मनुष्याच्या भारानेंही सबंध उतार सुटूं शकतो. यास हिमस्खलन म्हणतात. मोठा हिमपात किंवा जोराचा वारा झाल्यानंतरचे एकदोन दिवस विशेष भयाचे असतात. दुर्दैव हें कीं, तेच दिवस खेळणाऱ्यास सर्वांत मोहक वाटतात. सांपडणाऱ्या लोकांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत तो उतार त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनीं सोडविलेला असतो. फेब्रुवारी २०१० मध्यें गुलमर्गच्या वरच्या अंगास खिलनमर्ग येथें शिक्षण चालू असतांना हिमस्खलन झालें आणि भारतीय सैन्याचे सतरा जवान त्यांत मृत्यु पावले. शिस्तीच्या आणि साधनसंपन्न लोकांवरही हा प्रसंग येतो, हें हौशी मनुष्यानें विसरूं नये.

गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वांचण्याची आशा पुष्कळ. पुढें ती झपाट्यानें मावळते. बाहेरून मदत येईपर्यंत हा अवधि सहसा टळून जातो; म्हणून वांचविणारा जो कोणी असेल तो सोबतीच असतो. यासाठीं प्रत्येकाजवळ तीन वस्तु असाव्या लागतात: संदेश देणारें व घेणारें लहान रेडिओ-यंत्र, हिमांत खुपसून पाहावयाची लांब सळई आणि फावडें. त्या वापरण्याचा सराव हवा, एकट्यानें जाऊं नये, संशयास्पद उतार एका वेळीं एकानेंच ओलांडावा, आणि स्थानिक जाणकाराचा शब्द शेवटचा मानावा. आणखी एक धोका अरण्यवासी मनुष्यास चटकन् समजेल. देवदारासारख्या झाडांच्या फांद्या हिम अडवितात, त्यामुळें बुंध्याभोंवतीं पोकळ खड्डा राहतो आणि वरून तो दिसत नाहीं. त्यांत डोकें खालीं करून पडलेल्यास स्वतः निघणें दुर्घट होतें. तेव्हां खोल हिमांत झाडाच्या अगदीं जवळून जाऊं नये.

शिकण्याचा क्रम म्हणून असा असावा. प्रथम दाबलेल्या वाटेच्या कडेस जेथें टीचभरच नवें हिम आहे आणि खालीं पाया घट्ट आहे, अशा जागीं सरळ उतरावें, वळूं नये. मग तसेंच उतरतां उतरतां गुडघ्यांनीं खालीं-वर होऊन पट्ट्या बुडणें व तरंगणें अंगीं मुरूं द्यावें. नंतर लहान वळणें, आणि त्यानंतर खोल हिम. कठीण बर्फावर मिळविलेलें कौशल्य या क्रमांत वायां जात नाहीं. तोल, नजर, धैर्य, घोट्यांचा लवचिकपणा हें भांडवल कायमच राहतें. बदलावें लागतें तें भार देण्याचें माप आणि वाट पाहण्याचा काळ.

भूमि बदलली असतां पहिली परीक्षा बळाची न होतां संवयीची होते, ही गोष्ट शिक्षक आणि पालक यांनीं विशेषेंकरून ध्यानीं घ्यावी. आश्रमशाळेंतील मुलगा नव्या शहरांत, नव्या शाळेंत किंवा नव्या उतारावर प्रथम अडखळला, तर त्यास कांहींच येत नाहीं असा निवाडा देण्याची आपणांस फार घाई असते. वास्तविक तो आपल्या जुन्या भूमीवर प्रवीण असतो. नवी भूमि काय मागते तें त्यास कोणी सांगितलेलें नसतें, एवढेंच. चंद्रपूरच्या त्या विद्यार्थ्यांस तें सांगण्यांत आलें, पायरीपायरीनें त्यांच्या पायांस शिकविण्यांत आलें, आणि जें हिम त्यांच्या सात पिढ्यांनीं पाहिलें नव्हतें त्यावर त्यांनीं वाट चालून दाखविली. ज्या मुलखांतील बायका दरवर्षीं मृगानंतर चिखलांत उतरून, पाऊल न रुतूं देतां दिवसभर धान रोवतात, त्या मुलखास हिमाचा हा धडा परका मानण्याचें कारण नाहीं. योग्य शिक्षण मिळालें तर पुढील मोहिमांस आणि पुढील हिवाळी खेळांसही येथील मुलें जावयास हवींत. मात्र त्यांस पाठविणाऱ्यांनीं उत्साहाबरोबर क्रम, साधनें आणि सबुरी हीं तिन्ही त्यांच्या पदरीं घातलीं पाहिजेत.